स्थिर चित्रातली धावपळ

एप्रिल-मे महिन्यांत रात्री नऊ-दहाच्या सुमारास, शहराच्या दिव्यांपासून दूर गेलात, तर उत्तरा फाल्गुनी आणि स्वाती यांच्या मध्ये, किंचित उत्तरेला, जवळजवळ डोक्यावरच एक भुरकट ठिपक्यांचा पुंजका दिसतो. हा अरुंधती केश तारकासमूह. त्यातले ते पुसट तारे आपल्यापासून साधारण २८० प्रकाशवर्षांवर आहेत. मात्र याच तारकासमूहाच्या हद्दीत, त्यांच्याही पलीकडे सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षांवर, हजाराहून अधिक दीर्घिका दाटीवाटीने जमल्या आहेत. प्रत्येक दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे अब्जावधी ताऱ्यांचे एक स्वतंत्र विश्व.

या जमावाचा नव्वद वर्षांपूर्वीचा फोटो आणि आजचा फोटो शेजारी ठेवला, तर एकही दीर्घिका जागची हललेली दिसणार नाही. आपली नातवंडे आणि पतवंडे पाहतील तेव्हाही चित्र हेच असेल. तरीही खगोलशास्त्रज्ञ ठामपणे सांगतात, की या दीर्घिका सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने धावताहेत, या समूहाचे वजन अमुक आहे आणि त्यात दुसरा एक समूह येऊन मिसळतो आहे. जे कधीच हलताना दिसणार नाही, त्याच्या हालचालीविषयी इतक्या खात्रीने बोलता येते ते कशाच्या बळावर?

खरे शेजारी कोण?

पहिली अडचण अगदी प्राथमिक आहे. फोटोत जवळ दिसणाऱ्या दोन दीर्घिका प्रत्यक्षात जवळ असतीलच असे नाही. एक पुढे असेल आणि दुसरी कोट्यवधी प्रकाशवर्षे मागे. अमेरिकेतले जॉर्ज एबेल यांनी पालोमार वेधशाळेत काढलेल्या आकाशाच्या काचेच्या फोटोपट्ट्या हातभिंगाने तपासून १९५८ साली २,७१२ समूहांची यादी छापली. दाट पुंजके त्यांनी डोळ्यांनी हेरून काढले होते. हे काम किती चिकाटीचे असेल, याची आज संगणकासमोर बसून कल्पना येत नाही. एबेल यांनी दिलेले क्रमांक आजही वापरात आहेत. पुंजका खरा की नजरेचा भास, हे मात्र नुसता फोटो सांगू शकत नाही. त्यासाठी प्रत्येक दीर्घिकेचा वर्णपट घ्यावा लागतो.

वर्णपट म्हणजे प्रकाश रंगांमध्ये पसरवून पाहणे. ताऱ्यांमधली मूलद्रव्ये त्या पट्ट्यात ठरावीक जागी काळ्या रेषा उमटवतात. कॅल्शियमची एक ठळक रेषा प्रयोगशाळेत ३९३.४ नॅनोमीटरवर येते (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग). प्रकाशाचा स्रोत दूर जात असला की त्याच्या लहरी ताणल्या जातात आणि रेषा तांबड्या टोकाकडे सरकतात. अरुंधती केश समूहातल्या दीर्घिकांमध्ये हीच रेषा ४०२ नॅनोमीटरच्या आसपास सापडते. याचा अर्थ, विश्व प्रसरण पावत असल्यामुळे हा संपूर्ण समूह सेकंदाला सुमारे ७,००० किलोमीटर वेगाने आपल्यापासून दूर जातो आहे. ज्या दीर्घिकेचा वेग या आकड्याच्या आसपास, ती समूहाची सदस्य. जिचा वेग २०,००० निघतो, ती मागची परकी. सदस्य आणि परके असे वेगळे झाले, की फोटोला खोली मिळते.

पण सगळ्या सदस्यांचे वेग अगदी सारखे येत नाहीत. एकीची रेषा सरासरीपेक्षा एक-सव्वा नॅनोमीटर इकडे, दुसरीची तितकीच तिकडे. एवढ्याशा फरकाचा अर्थ होतो सेकंदाला १,००० किलोमीटर. या सदस्यांच्या स्वतःच्या हालचाली आहेत. काही समूहाच्या आत आपल्या दिशेने येताहेत, तर काही आपल्यापासून दूर पळताहेत. आपल्याला फक्त आपल्या दृष्टिरेषेतला वेग कळतो, आडवा वेग कळत नाही. मात्र सदस्य शेकडो असल्याने सगळ्या दिशा सारख्याच धरून चालता येते. तसे धरले, की खरा सरासरी वेग सेकंदाला १,७०० किलोमीटरच्या घरात जातो.

गोफणीचा हिशेब

१९३३ साली कॅलिफोर्नियात काम करणारे स्वित्झर्लंडचे फ्रिट्झ झ्विकी याच वेगांपाशी अडले. त्यांच्या हाती तेव्हा मूठभर दीर्घिकांचेच वेग होते. तेवढ्यावरही त्यांना जे खटकले, ते आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला समजेल.

ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभे राहून पाखरे हाकताना गोफण फिरवतात. गुंडा फिरत असेपर्यंत त्याला धरून ठेवते ती दोरी. तो जितका जोरात फिरेल, तितका दोरीला ताण जास्त. वेग दुप्पट केला तर ताण चौपट होतो. दोरी कच्ची असेल तर ती तुटते आणि गुंडा भिरकावला जातो. त्यामुळे एखादा गुंडा भन्नाट वेगात फिरतो आहे आणि तरीही सुटत नाही असे दिसले, तर दोरी न पाहताही ती किती मजबूत असली पाहिजे, हे सांगता येते.

दीर्घिकासमूहात दोरीचे काम गुरुत्वाकर्षण करते. तिथे मधोमध हात धरून कोणी उभे नसते. सगळ्यांचे मिळून जे वस्तुमान असते, त्याचीच ओढ प्रत्येकाला धरून ठेवते. वेग मोजला आणि समूहाची रुंदी मोजली, की लागणारे वस्तुमान निघते. झ्विकींनी ते काढले. मग समूहातल्या सगळ्या ताऱ्यांच्या प्रकाशावरून दिसणारे वस्तुमान काढले. दोन्हींत मेळ बसेना. दीर्घिका सुटून विखुरल्या जाऊ नयेत यासाठी दिसणाऱ्यापेक्षा किमान ४०० पट वस्तुमान हवे होते. झ्विकींनी त्या न दिसणाऱ्या भागाला कृष्णद्रव्य म्हटले. आज आपण त्यालाच डार्क मॅटर म्हणतो.

त्या काळी विश्वाच्या प्रसरणाचा दर खूपच जास्त धरला जाई. त्यामुळे अंतरे चुकत आणि झ्विकींचा आकडा फुगला होता. पण तफावत आजही पुसली गेलेली नाही. हजारो वर्णपट घेऊन, नव्या अंतरांनी हिशेब केला, तरी अरुंधती केश समूहाचे वजन एकावर पंधरा शून्ये इतक्या सूर्यांच्या आसपास येते आणि त्यात ताऱ्यांचा वाटा जेमतेम दोन-तीन टक्के निघतो. झ्विकींच्या या निष्कर्षाकडे पुढची चाळीसेक वर्षे बहुतेकांनी दुर्लक्षच केले. माझ्या मते विसाव्या शतकातल्या विज्ञानातली ही मोठी हुकलेली संधी होती.

मधली जागा रिकामी नाही

झ्विकींच्या हिशेबातला एक तुकडा १९७०च्या दशकात सापडला. क्ष-किरण आपल्या वातावरणात शोषले जातात, म्हणून ते टिपायला उपग्रहच लागतो. डिसेंबर १९७० मध्ये केनियाच्या किनाऱ्याजवळून सोडलेल्या उहुरू या उपग्रहाला दीर्घिकासमूहांकडून जोरदार क्ष-किरण येताना दिसले. ते एकेका दीर्घिकेतून येत नव्हते. दीर्घिकांच्या मधली, फोटोत काळीभोर दिसणारी सगळी जागाच ते फेकत होती.

तिथे वायू आहे. तो इतका विरळ आहे, की एका घनमीटरमध्ये जेमतेम हजारभर कण असतात. आपण श्वासात घेतो त्या हवेच्या तेवढ्याच जागेत एकावर पंचवीस शून्ये याहूनही अधिक रेणू असतात. पण समूह एवढा अवाढव्य आहे, की हा विरळ वायू सगळ्या ताऱ्यांपेक्षा वजनाने कित्येक पट भरतो. त्याचे तापमान एक कोटी ते दहा कोटी अंश असते. इतक्या उष्णतेत अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होऊन सुसाट पळतात. धन प्रभाराच्या कणाजवळून जाताना त्यांची वाट वाकते आणि त्या झटक्यात क्ष-किरण बाहेर पडतो.

आता यातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट. दहा कोटी अंश तापमानाला प्रोटॉनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे दीड हजार किलोमीटर येतो. म्हणजे जवळपास तोच वेग, ज्याने दीर्घिका धावताहेत! प्रोटॉन आणि दीर्घिका यांच्या आकारात कल्पनेपलीकडची तफावत आहे. पण दोघांना पळवणारी ओढ एकच आहे, म्हणून दोघांचा वेग एकच. तापमान मोजणारा क्ष-किरण उपग्रह आणि वर्णपट घेणारी जमिनीवरची दुर्बीण, दोघांनी एकमेकांना न विचारता एकाच वजनाची साक्ष दिली. वायू धरूनही वजन पुरे पडत नाही, हेही दोघांनी सारखेच सांगितले.

> चौकट : एका भरीव समूहाचा ताळेबंद
> रुंदी : सुमारे एक कोटी प्रकाशवर्षे
> दीर्घिका : शेकडो ते हजाराहून अधिक
> वस्तुमानातला वाटा : तारे दोन-तीन टक्के, तापलेला वायू बारा-तेरा टक्के, उरलेले सुमारे ८५ टक्के कृष्णद्रव्य
> एका टोकाहून दुसऱ्या टोकाला : सेकंदाला १,००० किलोमीटर वेगाने ३०० कोटी वर्षे

चौकटीतली शेवटची ओळ पुन्हा वाचावी. विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे आहे. म्हणजे जन्मापासून धावत असलेल्या दीर्घिकेच्याही समूहात आरपार चार-पाचच फेऱ्या झाल्या असतील. बरेच समूह अजून नीट स्थिरावलेलेच नाहीत. ते आजही घडताहेत, आणि घडताना सापडतात.

वाकलेला प्रकाश

इथे एक रास्त शंका घेता येते. वेग आणि तापमान या दोन्हींचे हिशेब समूह स्थिरावला आहे असे धरून केलेले आहेत. तो स्थिरावला नसेल तर? मग हालचालीशी काहीच संबंध नसलेले तिसरे माप हवे. ते आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून मिळते. वस्तुमानाजवळून जाताना प्रकाशाची वाट वाकते. ते वस्तुमान हलते आहे की थांबलेले, तापलेले आहे की गार, दिसते की दिसत नाही, याचा प्रकाशाला काही फरक पडत नाही.

तिमिंगल तारकासमूहातल्या एबेल ३७० या समूहाच्या चित्रात १९८०च्या दशकात एक लांबलचक, निळसर कमान आढळली. ती आधी कोणाला नीट उलगडेना. फ्रान्सच्या तुलूझ येथील खगोलशास्त्रज्ञांनी तिचा वर्णपट घेतला, तेव्हा ती कमान समूहाच्या खूप मागे असलेल्या एका दीर्घिकेची ओढली गेलेली प्रतिमा निघाली. समूहाने भिंगासारखे काम केले होते. कमान किती वाकली आहे, यावरून मधल्या वस्तुमानाचा अंदाज येतो. कमानी नसतील तिथे मागच्या हजारो दीर्घिकांचे आकार तपासतात. त्या सगळ्या एकाच दिशेला किंचित ताणलेल्या दिसल्या, तर वस्तुमान कुठे किती साठले आहे याचा नकाशाच काढता येतो. हे तिसरे मापही पहिल्या दोहोंच्या आसपासच येते.

टक्कर झाली की सगळे उघड होते

नौकातल तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे ३७० कोटी प्रकाशवर्षांवर दोन समूह एकमेकांच्या आरपार गेले आहेत. आपल्याला ते दिसतात तेव्हा टक्कर होऊन दहा-पंधरा कोटी वर्षे झाली होती. लहान समूहाचा वायू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा दिसतो, म्हणून या जोडीला बुलेट क्लस्टर म्हणतात. हा आकार टिपला चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने. तिचे नाव आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून ठेवले आहे.

टकरीत तीन घटकांचे तीन तऱ्हेने झाले. दीर्घिका एकमेकींपासून इतक्या दूर असतात, की त्या न आपटता पार निघून गेल्या. वायूचे ढग मात्र एकमेकांवर आदळले आणि मधेच रेंगाळले. मग वस्तुमान कुठे असायला हवे? सामान्य द्रव्यात वायूच जास्त भरतो, म्हणून जिथे वायू तिथे. पण २००६ साली प्रसिद्ध झालेल्या नकाशात, प्रकाश वाकण्यावरून काढलेले वस्तुमान वायूपाशी सापडलेच नाही. ते दीर्घिकांबरोबर पुढे निघून गेलेले होते. कृष्णद्रव्यही न आपटता पार झाले होते. वायूपासून ते असे वेगळे पडलेले दिसणे, हा त्याच्या अस्तित्वाचा सर्वांत थेट पुरावा मानला जातो.

अशा टकरींचे व्रण रेडिओ लहरींतही उमटतात आणि इथे पुणे जिल्ह्याचा संबंध येतो. दोन समूह आदळले, की वायूत ध्वनीपेक्षा वेगवान अशी आघातलाट उठते. ती इलेक्ट्रॉनना प्रचंड वेग देते. समूहात क्षीण चुंबकीय क्षेत्र असते. त्यात हे इलेक्ट्रॉन गिरक्या घेत रेडिओ लहरी सोडतात, विशेषतः कमी वारंवारतेच्या. त्या टिपायला नारायणगावजवळच्या खोडदची जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप उत्तम आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ही दुर्बीण. युरोपातल्या संशोधकांनी २०१० साली हिच्यासह इतर रेडिओ दुर्बिणी वापरून एका समूहाच्या काठावर सुमारे ६० लाख प्रकाशवर्षे लांबीची, सुरीसारखी अरुंद रेडिओ पट्टी दाखवली. त्या आकारामुळे त्या समूहाला सॉसेज असे टोपणनाव पडले आहे. पट्टीच्या बाहेरच्या कडेला इलेक्ट्रॉन ताजे, आतल्या कडेला थकलेले. त्यावरून लाट कोणत्या दिशेने गेली, हे स्थिर चित्रातूनच वाचता आले.

समूहात शिरणाऱ्या दीर्घिकेचे काय होते

बाहेर एकटी फिरणारी दीर्घिका बहुधा सर्पिल असते. तिच्यात नवे तारे जन्मत असतात, त्यासाठी लागणारा गार वायू तिच्यापाशी असतो. ती समूहात शिरते तेव्हा सेकंदाला हजारो किलोमीटरच्या वेगाने तप्त वायू कापत जाते. समोरून येणाऱ्या दाबाने तिचा गार वायू मागे ढकलला जातो आणि त्याच्या लांब झिरमिळ्या होतात. अशा दीर्घिकांना जेलीफिश दीर्घिका म्हणतात. एबेल ८५ या समूहात सेकंदाला ३,००० किलोमीटरहून अधिक वेगाने शिरत असलेली अशीच एक दीर्घिका भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरील अतिनील दुर्बिणीने पाहिली. तिच्या झिरमिळ्यांमध्येही कोवळे तारे जन्मताना दिसले. पण हा उत्साह टिकत नाही. वायू संपला, की नवे तारे थांबतात. समूहांच्या गाभ्यात लंबगोल, निवलेल्या दीर्घिकांची गर्दी असते, त्यामागचे हे एक मोठे कारण.

मोठ्या दीर्घिकांना आणखी एक गोष्ट लागू पडते आणि ती चंद्रशेखर यांनी १९४३ साली गणिताने दाखवली. जड वस्तू हलक्या वस्तूंच्या गर्दीतून जाते, तेव्हा तिच्या ओढीने त्या तिच्या मागे गोळा होतात. मागची ही दाटी तिला मागे ओढते. तिचा वेग हळूहळू कमी होतो आणि ती केंद्राकडे बुडत जाते. म्हणून जुन्या, स्थिरावलेल्या समूहाच्या मधोमध एकच राक्षसी दीर्घिका बसलेली असते, बाकीच्यांना गिळून वाढलेली.

अरुंधती केश समूहात मात्र अशा दोन आहेत, एनजीसी ४८७४ आणि एनजीसी ४८८९. दोघींनी केंद्र वाटून घेतले आहे. त्यावरून हा मुळात निदान दोन समूहांचा मिळून झाला असावा, असे वाटते. शिवाय एनजीसी ४८३९ भोवतीचा एक छोटा गट नैर्ऋत्येकडून त्यात शिरलेला क्ष-किरणांत स्पष्ट दिसतो.

वायूची खळबळ मोजताना

पूर्वी वायूचे तापमान कळत होते, पण तो वाहतो कसा हे कळत नव्हते. त्यासाठी क्ष-किरणांतल्या लोहाच्या रेषा अतिशय बारकाईने तपासाव्या लागतात. जपानचा हितोमी उपग्रह फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यासाठीच गेला. त्याने ययाती तारकासमूहातल्या समूहाचा गाभा पाहिला आणि महिन्याभरातच तो निकामी झाला. पण तेवढ्यात मिळालेले माप अनमोल ठरले. गाभ्यातल्या वायूची खळबळ सेकंदाला फक्त १६० किलोमीटरच्या आसपास होती. त्या गाभ्यात एक महाकाय कृष्णविवर सतत झोत सोडून वायूत पोकळ्या पाडते. त्या मानाने ही शांतता अनपेक्षित होती. तापमानावरून काढलेल्या वजनात मोठी चूक नाही, असा दिलासाही तिने दिला. हितोमीचे अपुरे राहिलेले काम आता सप्टेंबर २०२३ मध्ये सोडलेला एक्सरिझम उपग्रह करतो आहे.

समूहांचाही समूह

२०१७ साली पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांतल्या संशोधकांनी इतर सहकाऱ्यांसह मीन राशीच्या दिशेला, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर एक महासमूह शोधला. त्याला त्यांनी सरस्वती हे नाव दिले. त्यात ४३ समूह आणि गट आहेत. पसारा सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षांचा, वजन दोनावर सोळा शून्ये इतके सूर्य. हा शोधही नव्या फोटोंतून लागलेला नाही. स्लोन या आकाशाच्या सर्वेक्षणाने आधीच नोंदवलेल्या दीर्घिकांच्या वेगांवरून, म्हणजे त्या सरकलेल्या रेषांवरूनच, कोण कोणाचा शेजारी हे पडताळून तो लागला.

इतका मोठा पसारा गुरुत्वाकर्षणाने एकत्र धरला जाईल का? आतली ओढ आणि विश्वाचे वाढत्या वेगाने होणारे प्रसरण यांची तिथे थेट रस्सीखेच आहे. संशोधकांच्या हिशेबानुसार एबेल २६३१ या सर्वांत जड समूहाभोवतीचा, साधारण साडेसहा कोटी प्रकाशवर्षे त्रिज्येचा गाभा पुढे एकत्र कोसळेल एवढा भारदस्त आहे. त्याच्या बाहेरचे समूह मात्र प्रसरणाबरोबर एकमेकांपासून दूर होत जातील.